काना हलवला तर कोडं बाटतं का?

रामबागवाली
इंदूरच्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा शब्दकोडं माझ्याकडे आहे. समानार्थी शब्द भरा छापाचं नाही, खेळकर सूत्रांचं करतेय. सूत्राच्या एका टोकाला अर्थ, उरलेल्या भागात अक्षरांची खोडी. हे बघा: 'बिथरला वानर, बाशिंग बांधून तयार (३)'. बिथरला म्हणजे वानर विस्कटायचा, कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. उत्तर: नवरा.

संपादकांनी सूत्र परत पाठवलं. म्हणे 'वा'चा 'व' झाला, 'र'चा 'रा' झाला, ही तीच अक्षरं नव्हेत. माझं म्हणणं, काना-मात्रा-वेलांटी सुटी धरा आणि हलवू द्या. आपले शब्द कोड्यात जेमतेम तीन-चार घरांचे. तीन अक्षरांच्या सगळ्या उलटापालटी ६, चारांच्या २४. इंग्रजीत आठ वेगळ्या अक्षरांच्या ४०,३२० होतात. सहा पर्याय तर चहा गाळेपर्यंत तपासून होतात, त्यात डोकं काय चालवणार?

पागनीसपागा
संपादकांचं बरोबर आहे. 'रामाला भाला मारा', 'चिमा काय कामाची' ही वाक्यं उलटी वाचताना काना कोणी वेगळा काढत नाही. आपल्या कानाला अक्षर सबंध ऐकू येतं. आणि सोडवणाऱ्याचा विचार करा. उभ्या शब्दातून शेवटच्या घरात 'रा' मिळाला, की तो 'वानर' हा पर्याय सोडूनच देणार, कारण वानरात 'रा' नाहीच. ही खोडी नाही, फसवणूक आहे.

नियम पाळूनही मजा येते. 'सदरा उसवला तरी सोनं लुटायचं (३)'. दसरा! एक मात्रा हलवली नाही.

सुदामानगर_४
दसरा झकास, पण असे शब्द संपतील हो. दसरा-सदरा, कमल-कलम, मगर-गरम... पुढच्या दिवाळीला काय करणार?

आणि तुमच्याच उदाहरणात गोम आहे. 'चिमा'ची वेलांटी पहिली, 'कामाची'ची दुसरी. उलटं वाचलं की 'चीमाकायकामाचि'. इतकी वर्षं सगळे चालवून घेतायत की!

राजवाड्यामागे
हा खेळ मुळात आपला नाही. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून टॉर्केमाडा या टोपणनावाने एडवर्ड पॉविस मॅथर्स असली कोडी घालायचे, त्यांच्या वाचकांना ती सवय लागली. आमच्या घरी सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी साधं कोडं सोडवतात, त्यात आई सगळ्यांच्या पुढे. तिला 'बिथरला म्हणजे विस्कटा' हे कोण समजावणार? अंक पन्नाशीच्या पुढचेच जास्त वाचतात.

रामबागवाली
परकं कसं? मोरोपंतांनी ओठांना ओठ न लावता निरोष्ठ रामायण लिहिलं, ते कुणाच्या सवयीने? आणि आईंना हे द्या: 'देवाने दिलेला, मुलीने निवडलेला (२)'. 'वर' लगेच सुचेल, समजवावं लागणार नाही.

सुदामानगर_४
साध्या कोड्याचं एवढं कौतुक नको. पूर्वी बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. तिथे एकेका सूत्राला दोन-दोन शब्द बसायचे आणि संयोजकाच्या पाकिटातला जुळला तरच पैसे. शेवटी १९५५ साली केंद्राने कायदा करून महिन्याच्या एकूण बक्षिसांवर हजार रुपयांची मर्यादा घातली. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कौशल्याला नव्हे, जुगाराच्या स्पर्धांनाच लागू धरला. खेळकर सूत्रात अर्थ आणि खोडी दोन्ही जुळावी लागतात, म्हणून उत्तर सुचलं की तेच खरं हे सोडवणाऱ्याला कळतं. नशिबाचा प्रश्नच नाही.

पागनीसपागा
हे पटलं. पण मग खोडी चोख हवी ना! वेलांटीचा शब्द घेऊन बघतो: 'दीन बिघडला की वाहतो'. नदी. ('वाहतो' नाही, 'वाहते' हवं, व्याकरणही बिघडलं.) आपल्या खान नदीची अवस्था बघता दीन आणि नदी एकच, ते सोडा. पण निम्मे लोक 'दिन' समजून दिवस शोधत बसणार. इथे रोज हिंदी वाचणाऱ्यांना ऱ्हस्व-दीर्घ सांगायचं म्हणजे...

राजवाड्यामागे
भिया, हिंदी शब्द चालतील का तेही ठरवा आताच. नंतर भांडण नको.

रामबागवाली
हिंदी नाही. जोडाक्षर फोडायचं नाही, 'पुस्तक'मधला 'स्त' एकाच घरात. ऱ्हस्वाचं दीर्घ करायचं नाही. काना-मात्रा मात्र हलेल, आणि जिथे हलेल तिथे सूत्रापुढे चांदणी छापीन. नवरा चांदणीसकट जाणार.

पागनीसपागा
चांदणी म्हणजे अर्धं उत्तर फोडलंच की. त्यापेक्षा कोड्याच्या वर एकदाच नियम छापा. आणि एक जरी वेलांटी चुकली, तर वर्गणी परत मागेन.