सणानुसार फळी बदलता येईल अशी लाकडी पाटी पोर्चसाठी करायची आहे: लाकूड, खाच आणि रंग यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. नाशिकमध्ये इंदिरानगर भागात आमचे रो हाऊस असून त्याचा पोर्च पश्चिमेकडे उघडतो. मुख्य दाराच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहील अशी, सुमारे चार फूट उंच आणि दहा इंच रुंद लाकडी पाटी मला घरीच तयार करायची आहे. पाटीचा पाया, म्हणजे मागची मुख्य फळी, वर्षभर तोच राहावा, त्याच्या दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या असाव्यात आणि त्या पट्ट्यांच्या खाचेतून अक्षरांची फळी वरून खाली सरकवून बसवता यावी, अशी माझी कल्पना आहे. गुढीपाडवा, श्रावण, गणपती, दसरा-दिवाळी आणि संक्रांत अशा पाच फळ्या कराव्यात असे ठरवले आहे. बाजारात तयार पाट्या मिळतात, परंतु त्यांपैकी बहुतेक एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या, असतात आणि पावसाचे शिंतोडे बसले की त्यांच्या कडा फुगतात. शिवाय माझ्या सासूबाईंचे अक्षर अतिशय वळणदार आहे. पाटीवर त्यांचेच अक्षर असावे ही माझी मनापासूनची इच्छा आहे, कारण दिवाळीत येणाऱ्या पाहुण्यांचे लक्ष सर्वप्रथम त्यांच्या रांगोळीकडे जाते आणि तोच हात या पाटीवरही दिसावा असे वाटते.

पायासाठी सागाची जुनी फळी आमच्याकडे आहे. पंचवटीतील आमचा वाडा उतरवला तेव्हा दाराची एक रुंद फळी जपून ठेवली होती. ती सुमारे एक इंच जाड असून कोठेही कीड लागलेली नाही. सरकत्या फळ्यांसाठी मात्र सागच वापरावा, प्लायवूड घ्यावे, की अंबड औद्योगिक वसाहतीच्या परिसरात मिळणाऱ्या पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन लाकूड घ्यावे, हे ठरत नाही. माझी मुख्य शंका खाचेबद्दल आहे. गणपतीच्या सुमारास हवा दमट असते, त्यामुळे फळी फुगून खाचेत अडकेल आणि संक्रांतीला तीच फळी खडखडेल, असे होऊ नये म्हणून किती जागा सोडावी? दुसरी शंका रंगाची आहे: दुपारनंतरचे ऊन आणि पावसाची झड ही दोन्ही थेट पोर्चमध्ये येतात, तेव्हा कोणते अस्तर आणि कोणता रंग टिकेल? दसऱ्यापूर्वी पहिली फळी लागावी अशी इच्छा असल्याने कापणी आणि जोडणी याच पावसाळी दिवसांत करावी लागेल. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, कल्पना चांगली आहे आणि जुना साग पायाला वापरण्याचा निर्णय अगदी योग्य आहे. खाचेविषयी मात्र थोडा वेगळा विचार करावा लागेल. लाकूड ओलाव्याने लांबीत जवळजवळ वाढत नाही, ते रुंदीत वाढते. आपल्या दोन पट्ट्यांमध्ये साधारण आठ इंचांचे अंतर राहील. तेवढ्या रुंदीचा रंग न दिलेला साग कडक उन्हाळा आणि भर पावसाळा यांच्या दरम्यान दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकतो. पाया आणि फळी दोन्ही सागाची असतील, तर दोन्ही साधारण बरोबरीने फुगतात आणि अडचण फारशी येत नाही. प्लायवूडचे थर मात्र एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते रुंदीत फारसे हलत नाही. त्यामुळे सागाच्या पायावर प्लायची फळी असेल, तर आपल्याला वाटते त्याच्या उलट घडेल: पावसाळ्यात पाया रुंदावून पट्ट्या दूर जातील आणि फळी सैल होईल, तर चैत्र-वैशाखात पाया आकसून फळी घट्ट धरली जाईल. म्हणजे खरी परीक्षा गणपतीत नसून गुढीपाडव्याला आहे.

तरीही मी प्लायच सुचवेन, कारण पाच फळ्या सपाट राहणे अधिक महत्त्वाचे आहे. आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का पाहून १२ मिलिमीटर जाडीचे प्लाय घ्या. आपण पावसाळ्यात, म्हणजे पाया सर्वांत रुंद असताना, मोजमाप करणार आहात. म्हणून एका खाचेच्या तळापासून दुसऱ्या खाचेच्या तळापर्यंतच्या अंतरापेक्षा फळी चार-पाच मिलिमीटर अरुंद कापा. खाचेची रुंदी १४ मिलिमीटर ठेवा, कारण रंगाचे थर चढल्यावर जाडीही वाढते. खाच पुरेशी खोल असेल, तर सैलपणा बाहेरून दिसणार नाही. खालच्या टोकाला खाच बंद करू नका, अन्यथा पाणी तेथेच साचेल. फळी टेकण्यासाठी एक छोटी आडवी पट्टी पुरते.

सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून सरस किंवा रंग लावण्याआधी तो भाग थिनरने पुसून घ्या. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरा. लोखंडी स्क्रू गंजतो आणि त्याभोवती सागावर काळा डाग पडतो. पायाच्या मागच्या बाजूलाही पुढच्या इतकेच पॉलिशचे हात द्या. एक बाजू कोरी राहिली तर फळी त्या बाजूने ओलावा घेते आणि वाकते. सर्वांत जास्त पाणी लाकूड टोकाकडच्या कापलेल्या भागातून पिते, त्यामुळे तेथे आणि प्लायच्या चारही कडांना प्रायमरचे दोन-तीन हात अवश्य द्या. पायाला बाहेरच्या वापराचे, उन्हापासून संरक्षण देणारे पीयू (पॉलियुरेथेन) पारदर्शक पॉलिश लावा; मेलामाइन पॉलिश घरातल्या फर्निचरसाठी ठीक आहे, पश्चिमेच्या पोर्चसाठी नाही. काही जण जवसाचे तेल सुचवतील, पण आपल्याकडच्या पावसात त्यावर बुरशी धरते. शिवाय तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, हेही लक्षात असू द्या.

प्रतिसाद २

खोक्यांच्या पाइनबद्दल एवढेच सांगतो की घेतलेच तर त्यावरील शिक्का वाचून घ्यावे. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले असते. एमबी असा शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते; ते लाकूड घरात आणू नये.

प्रतिसाद ३

मी पाट्या रंगवण्याचे काम करतो, म्हणून अक्षरांविषयी लिहितो. परदेशी उभ्या पाट्यांवर अक्षरे एकाखाली एक रचतात. ती रचना आपल्या लिपीला मानवत नाही, कारण शिरोरेखा तुटते आणि काना-मात्रा सुट्या पडतात. ‘शुभ’ वर आणि ‘दीपावली’ खाली अशा आडव्या ओळी ठेवाव्यात आणि उरलेल्या उंचीत पणती किंवा तोरण काढावे. आठ इंचांत ‘दीपावली’ बसवायची तर शिरोरेखेखालची उंची सुमारे दीड इंच येते. फाटकातून ती सहज वाचता येते. वेलांटीसाठी वर पुरेशी जागा सोडण्यास विसरू नका.

आपल्या सासूबाईंना आधी कागदावर मोठ्या आकारात लिहू द्या. त्या कागदाच्या मागे खडू घासून, कागद फळीवर चिकटवून कडा गिरवा. कार्बन पेपर टाळा. त्याची रेघ फिक्या रंगातून वर दिसत राहते. जमीन, म्हणजे अक्षरांमागचा रंग, बाहेरच्या वापराच्या ॲक्रिलिकची ठेवली, तर अक्षरे ॲक्रिलिकने किंवा एनॅमलने काढता येतात. एनॅमलच्या गुळगुळीत जमिनीवर मात्र ॲक्रिलिक नीट धरत नाही.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पट्ट्या दूर जातील हा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नसता. मरीन प्लायच घेते आणि सांगितल्याप्रमाणे अंतर सोडते. एक शेवटची विचारणा: पोर्च रोज धुतला जातो, तर पाया जमिनीपासून किती उचलावा? रंगपंचमीला आमच्या गल्लीत रंगाचे पाणी मुक्तपणे उडते, त्या दिवशी अक्षरांची फळी काढून ठेवणे पुरेसे होईल का?

प्रतिसाद १ देणाऱ्यांचे उत्तर

अर्धा ते पाऊण इंच पुरे. खाली रबरी गुट्ट्या लावा आणि वारा सुटल्यावर पाटी पडू नये म्हणून मागे भिंतीला एक हूक ठेवा. रंगपंचमीला फळीबरोबर पायाही आत घ्या, कारण कोरड्या रंगाची पूड खाचेत बसली की ओल्या फडक्याने निघत नाही.