सगळ्यांना आवडणारे गेम मला का आवडत नाहीत? तुम्ही खेळताना नेमकं काय करता ते सांगाल का

कोडंवेडी
नमस्कार मंडळी, आधीच सांगते की हा धागा कुठल्याही गेमला नावं ठेवायला काढलेला नाहीये. मला खरंच समजून घ्यायचंय. मी सात-आठ वर्षं गेम खेळतेय, पोर्टल २ तीनदा पूर्ण केलाय, रिटर्न ऑफ द ओब्रा डिन संपला तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. पण ज्या गेमचं सगळं जग कौतुक करतं त्यातले बरेचसे मला लागूच पडत नाहीत.

एल्डन रिंगमध्ये मार्गिट नावाच्या बॉसपाशी, म्हणजे मोठ्या शत्रूपाशी अडकले, चाळीसेक वेळा मेले आणि सोडून दिला. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये बर्फातून घोडा चालवत राहिले, कपाट उघडायला पण त्यातला नायक एवढा वेळ घेतो की मी मधेच फोन बघायला लागायचे. माइनक्राफ्टमध्ये एका टेकडीवर उभी राहिले, झाड तोडलं, रात्र झाली, खड्ड्यात बसले, सकाळ झाली, आता पुढे काय तेच कळेना. आणि स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम, ज्याला सगळे शांत गेम म्हणतात, त्यात मला घड्याळाकडे बघून धडधडायला लागतं.

माझा धाकटा भाऊ एल्डन रिंगवर तासन् तास बोलतो. त्याचे डोळे चमकत असतात आणि मी नुसती हो हो म्हणत असते, याचं मला वाईट वाटतं. त्याला विचारलं तर म्हणतो, अगं खेळत राहा, कळेल. तर माझा प्रश्न असा की ज्यांना हे गेम मनापासून आवडतात त्यांच्या डोक्यात खेळताना काय चालू असतं? कुठे जायचं, काय करायचं, कशाकडे बघायचं हे नेमकं सांगा. आणि यातलं काही माझ्यासाठी नाहीच असं वाटत असेल तर त्याऐवजी काय खेळू तेही सांगा. रोज रात्री तास-दीड तास मिळतो.

राखेतला
छान धागा. मी फक्त एल्डन रिंगबद्दल बोलतो कारण दुसऱ्या कशावर बोलायचा मला अधिकार नाही.

पहिली गोष्ट, मार्गिटशी आत्ता लढूच नका. गेम सुरू होतो तिथेच मोकळ्यावर एक सोनेरी घोडेस्वार फिरत असतो ना, तो मुद्दाम ठेवलाय, जे आत्ता झेपत नाही त्याला वळसा घालून पुढे जायचं हे शिकवायला. मार्गिटचंही तसंच आहे, पण तो वाटेतच उभा असल्यामुळे लोकांना वाटतं याला मारल्याशिवाय सुटका नाही. नकाशात दक्षिणेला जा, पूल ओलांडला की वीपिंग पेनिन्सुला लागतं. तिथल्या पडक्या चर्चमध्ये सेक्रेड टिअर मिळतात, त्याने फ्लास्कमधून, म्हणजे औषधाच्या कुपीतून, जास्त जीव भरतो. व्हिगर, म्हणजे आपल्यात जीव किती ते ठरवणारा आकडा, वीसच्या आसपास न्या. चर्च ऑफ एलेमध्ये ऐरण आहे, तिथे शस्त्र +३ पर्यंत मजबूत करून घ्या. मग परत या.

आता दुसरी गोष्ट, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे. मार्गिट काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. लगेच मारत नाही. काठी उचलली की आपलं बोट आपोआप बटणावर जातं, आपण वार चुकवायला लोळतो, लोळणं संपतं आणि मग काठी खाली येते, बरोबर आपल्या डोक्यात. चाळीस वेळा मेलात म्हणता ना, त्यातल्या तीस वेळा तरी हेच झालं असणार. तर एक संध्याकाळ अशी काढा की त्याला मारायचंच नाही. तलवार चालवायची नाही. नुसतं समोर उभं राहून बघायचं, काठी वर गेल्यापासून खाली येईपर्यंत मनात किती आकडे होतात, खांदा कधी हलतो. आणि त्याच्यासमोर घाईघाईने फ्लास्क प्यायलात तर तो लांबून सोनेरी सुरा फेकतो, हेही बघून ठेवा. तुम्ही ओब्रा डिनवाल्या आहात, जहाजावरच्या साठ माणसांचं काय झालं ते एकेका चेहऱ्यावरून शोधून काढलंत. मार्गिट पण तसाच वाचायचा असतो हो. मी खेळताना माझ्या डोक्यात राग नसतो, "अच्छा, असं आहे होय" हे चालू असतं.

फिरस्ता
वरच्याला +१. फक्त एक भर घालतो, मेल्यावर रून्स, म्हणजे शत्रू मारून मिळवलेली कमाई, जातात म्हणून लोक फार घाबरतात. पडलेले रून्स परत उचलता येतात, उचलायच्या आत पुन्हा मेलात तर गेले. पण खरं सांगतो, थोड्या वेळाने त्याचं काही वाटेनासं होतं, पुढे त्याच्या दसपट मिळतात. २०२२ मध्ये गेम आला तेव्हा पहिले वीस तास मी एकही मोठा बॉस मारला नव्हता, नुसता टोरेंट या घोड्यावर बसून हिंडत होतो, आणि ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर वीस तास होते गेममधले.

संथ घोडा
रेड डेडबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ताई, तुम्ही बर्फातच थांबलात हे वाचून हळहळ वाटली. तो पहिला अध्याय गेमचा सगळ्यात बंदिस्त भाग आहे, सांगतील तिकडे जायचं, सांगतील त्याला मारायचं. स्टीम या ऑनलाइन दुकानात दोन तास खेळून व्हायच्या आत परत करता येतो ना गेम, ते दोन तास त्या बर्फातच जातात आणि लोक तिथूनच माघारी फिरतात. दुसऱ्या अध्यायात आपल्या टोळीची छावणी हॉर्सशू ओव्हरलुकला येते, तिथून खरा गेम सुरू होतो.

तिथे गेलात की एक करा. एक संध्याकाळ मिशन घेऊ नका. छावणीतच राहा. शेकोटीपाशी बसा, कोणीतरी गाणं म्हणत असतं, कोणी कोणाशी तरी भांडत असतं, काल केलेल्या दरोड्यावर आज लोक बोलतात, आणि तुम्ही दोन-चार दिवस गायब होतात तर तेही बोलून दाखवतात. मग आर्थरची, म्हणजे गेमच्या नायकाची, वही उघडा. हा माणूस दिवसभर गोळ्या घालतो आणि वहीत चित्रं काढतो, बघितलेल्या प्राण्यांची, जागांची, आणि स्वतःबद्दल जे कोणाला सांगत नाही ते तिथे लिहितो. मी ती वही बघितल्यावर गेमचा वेग मला कळला. १८९९ सालची गोष्ट आहे, त्या लोकांचं जग संपत आलंय आणि त्यांना ते कळलंय, अशा माणसाला धावत कपाट उघडायला लावलं असतं तर सगळं खोटं वाटलं असतं.

प्रवासाचा कंटाळा येत असेल तर नकाशावर खूण करा, घोडा वेगात घ्या आणि सिनेमॅटिक कॅमेरा लावा, घोडा रस्ता धरून आपापला जातो, तुम्ही फक्त बघत बसा. पण तुम्हाला तास-दीड तासच मिळतो म्हणता, तर मी जबरदस्ती करणार नाही. हा गेम तुटक तुटक खेळला तर खरंच विस्कटतो.

अर्ध्यात सोडणारी
मला वेगळं मत मांडायचंय. मी संथ घोडा यांनी सांगितलं तसं सगळं केलं, छावणी, वही, सगळं, तीस तास खेळले. लिखाण अप्रतिम आहे हे मान्य. पण मिशनमध्ये मी स्वतः काही वेगळं करायला गेले, म्हणजे दुसऱ्या बाजूने चढून बघितलं, की मिशन फेल. बाहेर एवढं मोकळं जग आणि मिशनमध्ये मात्र रुळावरून चालल्यासारखं, हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. धागाकर्तीला स्वतः उत्तर शोधायला आवडतं असं दिसतंय, म्हणून तिला हा त्रास होईल असं मला वाटतं. चांगल्या मनानेच सांगतेय.

संथ घोडा
@अर्ध्यात सोडणारी, हे खरं आहे, मिशनबद्दल मी भांडणार नाही. माझं प्रेम मिशनच्या बाहेरच्या गेमवर आहे.

दगड आणि तार
माइनक्राफ्टचं बघूया. "आता पुढे काय" हा प्रश्न तुम्हालाच पडतो असं नाही, २०२३ पर्यंत या गेमच्या ३० कोटींवर प्रती विकल्या गेल्यात आणि त्यातल्या किती तरी जणांना हा प्रश्न पडला असेल. गेम तुम्हाला प्रश्न देतच नाही. तो आपण आणायचा. म्हणून ज्यांना तयार कोडं हवं असतं त्यांना तो रिकामा वाटतो.

तुम्ही रेडस्टोनकडे या. ही त्या गेममधली वीज समजा. एक कळ दाबली की सिग्नल निघतो, पंधरा ब्लॉकपर्यंत जातो, पुढे न्यायचा तर मधे रिपीटर लावावा लागतो. एवढ्याशा नियमांवर लोकांनी गेमच्या आत चालणारे कॉम्प्युटर बांधलेत. तुम्ही छोट्यापासून सुरुवात करा, वस्तू आपोआप वेगळ्या करणारी पेटी बनवा. वरून दगड, माती, लोखंड काहीही टाका, दगड दगडाच्या पेटीत गेला पाहिजे, लोखंड लोखंडाच्या. हॉपर (वस्तू पुढे सरकवणारं नरसाळं) आणि कंपॅरेटर (सिग्नलची तुलना करणारा भाग) वापरून होतं. व्हिडिओ बघू नका, आधी स्वतः डोकं लावा. माझी पहिली पेटी बनवायला मला चार रात्री लागल्या, आणि पहिल्यांदा माती बरोबर मातीच्या पेटीत पडली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. क्रिएटिव्ह मोडमध्ये करा म्हणजे रात्र आणि क्रीपर नावाचे राक्षस यांची कटकट नाही.

लेकीचा बाबा
आमच्याकडे माइनक्राफ्ट वेगळ्या कारणाने चालतो. मला एकट्याला त्यात काही रस नाही हे कबूल करतो. लेक सांगते, बाबा इथे जिना हवा, मी जिना करतो. ती म्हणते उलटा झाला, मी पाडतो. आठवड्याच्या शेवटी आमचं घर थोडं वाढलेलं असतं. एकटीने खेळून कळला नाही तर भावाला बरोबर घ्या, काही गेम दोघांनीच कळतात.

सावकाश
स्टारड्यूबद्दल. मलाही अगदी हेच व्हायचं. गेममधला एक दिवस साधारण चौदा मिनिटांत संपतो आणि सगळं आजच उरकायचं असं वाटत राहतं. पण नीट बघितलं तर या गेममध्ये मुदत असलेली गोष्ट जवळजवळ नाहीच. ऋतू अठ्ठावीस दिवसांचा, तो बदलला की शेतातली बहुतेक उभी पिकं मरतात, तेवढं सांभाळायचं. बाकी गावातलं मोडकं कम्युनिटी सेंटर दुरुस्त करायला मुदत नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला गेममधल्या वारलेल्या आजोबांचा आत्मा येऊन तुमचं काम बघतो, त्याचीही लोक धास्ती घेतात, पण शेतावरच्या त्यांच्या स्मारकापाशी हिरा ठेवला की ते पुन्हा मूल्यमापन करतात. म्हणजे नापास असं कोणी होतच नाही.

मी स्वतःला नियम घालून घेतला, दिवसाला एकच काम. आज खाण तर खाणच. पाणी घालायला जेवढं जमेल तेवढंच पेरायचं, सुरुवातीला पंधरा रोपं पुष्कळ. आणि मासेमारी जमत नसेल तर गावातल्या मासेवाल्या विलीकडून ट्रेनिंग रॉड घ्या, त्याने मासा पकडायची हिरवी पट्टी मोठी होते, फक्त सोपेच मासे लागतात. एरिक बरोन नावाच्या एका माणसाने एकट्याने चारेक वर्षं बसून हा सगळा गेम बनवला, चित्रं, संगीत, लिखाण सगळं, २०१६ ला आला. पावसाच्या दिवशी पाणी घालावं लागत नाही, त्या दिवशी मी नुसती गावात चक्कर मारते तेव्हा मला ते सगळं एका माणसाच्या हातचं आहे हे जाणवतं.

मोडकी तलवार
माझाही एक प्रश्न याच धाग्यात घुसवतो, चालेल ना? ब्रेथ ऑफ द वाइल्ड. तलवार मिळते, मोडते. चांगली मिळते, तीही मोडते. मग मी चांगली वापरतच नाही, साठवून ठेवतो. यात मजा काय आहे?

फिरस्ता
साठवू नका, तिथेच गाडी अडते. शस्त्र म्हणजे खर्चायची वस्तू धरा, बाणासारखी. आणि खरं तर दर वेळी तलवारीने लढायचंच नाहीये तिथे. चुंबकाने लोखंडी पेटी उचलून वरून टाका. वादळात वीज धातूवर पडते, तर आपली लोखंडी तलवार शत्रूजवळ टाकून लांब व्हा. शस्त्र मोडलं नसतं तर मी हे कधीच करून बघितलं नसतं.

संध्याकाळचा अड्डा
फोर्टनाइट कोणी काढला नाही म्हणून सांगतो. शंभर जण उतरतात, एक जिंकतो, आम्ही चौघं बहुतेक वेळा हरतो. पण आम्ही चौघं चार वेगळ्या गावांत राहतो आणि आठवड्यात तेवढंच बोलणं होतं. गेम हे निमित्त. भराभर भिंती बांधणं जमत नाही म्हणून ज्यांनी सोडला त्यांच्यासाठी २०२२ पासून झिरो बिल्ड, म्हणजे बांधकाम नसलेला प्रकार, आहे.

राखेतला
धागाकर्ती, पर्याय मागितले होते ना, ते राहिलेच. दोन देतो. इन्टू द ब्रीच, आठ बाय आठचा पट, शत्रू पुढच्या चालीत कुठे मारणार ते आधीच दाखवतात, आपण फक्त विचार करायचा, तासाभरात एक डाव नीट होतो. आणि आउटर वाइल्ड्स. त्याबद्दल एवढंच सांगतो की बावीस मिनिटांचं चक्र आहे, आणि तुमचं यान सुरुवातीला जसं असतं तसंच शेवटी असतं, वाढते ती फक्त तुम्हाला असलेली माहिती. बाकी काही वाचू नका, कुठे शोधू पण नका. ओब्रा डिन आवडलेल्या माणसाने हा खेळला नाही तर मला झोप लागणार नाही.

कोडंवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय. रेड डेड दुसऱ्या अध्यायापर्यंत नेला, वही बघितली, खरंच सुंदर आहे, पण तासाभराच्या तुकड्यात जमत नाहीये, सुट्टीसाठी ठेवलाय. स्टारड्यूमध्ये दिवसाला एक काम हा नियम लागू पडला, धडधड थांबली. रेडस्टोनची पेटी झाली नाही अजून, माती सगळीकडे जातेय, पण मी व्हिडिओ बघितलेला नाही.

आणि मार्गिट. दक्षिणेला जाऊन आले, व्हिगर बावीस झालं. मग एक पूर्ण संध्याकाळ तलवार न चालवता त्याच्यासमोर उभी राहिले. भाऊ शेजारी येऊन बसला, त्याला वाटलं कंट्रोलर बिघडला. मी त्याला म्हटलं गप्प बस, मी मोजतेय. काठी वर गेली, एक, दोन, आणि मग खांदा हलतो. दुसऱ्या दिवशी सहाव्या वेळेला तो पडला. भाऊ माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडला. मग आम्ही रात्री एक वाजेपर्यंत बोलत बसलो, तो त्याचा मार्गिट सांगत होता आणि मी माझा.

आता किल्ल्याच्या आत शिरलेय. पुढच्या बॉसबद्दल कोणी काही सांगू नका प्लीज, मला आधी नुसतं बघायचंय.