मुलांच्या ओसीडीवर सगळ्या थेरप्या एकत्र कशाला?

शंकेखोर: ओसीडी म्हणजे नको ते विचार मनात घोळत राहणं आणि ते शमवायला तीच ती कृती करत राहणं. त्यावर हल्ली जो तो ‘इंटिग्रेटेड’, म्हणजे सगळ्या थेरप्या एकत्र, म्हणतो. थोडी ईआरपी, थोडं माइंडफुलनेस, थोडी प्ले थेरपी, वर गोळी. एक ना धड, भाराभर चिंध्या! ईआरपीत मूल भीतीला पायरीपायरीने सामोरं जातं आणि नंतरचं हात धुणं, मोजणं, तपासणं टाळायला शिकतं. तेवढं नीट करा की.

आकडेमोड: मुलांच्या ओसीडीवरच्या उपचारांची तुलना करणारा २००४ चा ‘पॉट्स’ अभ्यास बघा. ७ ते १७ वयाची ११२ मुलं, १२ आठवडे. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, ईआरपी तिचाच भाग) आणि सर्ट्रालीनची गोळी दोन्ही मिळालेल्यांत ५३.६ टक्के जवळपास लक्षणमुक्त. नुसत्या सीबीटीने ३९.३, नुसत्या गोळीने २१.४.

शंकेखोर: त्यातच ५३.६ आणि ३९.३ मधला फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरलेला नाही, हेही सांगा ना. आणि २०११ चा दुसरा पॉट्स? गोळी चालू असलेल्या मुलांना पूर्ण सीबीटी दिली, ६८.६ टक्के सुधारली. गोळीच्या भेटीतच सीबीटीच्या जुजबी सूचना दिल्या तर ३४, नुसत्या गोळीवर ३०. ‘थोडं थोडं’ची किंमत ही एवढी.

लेकीची_आई: माझी लेक ईआरपीची पहिली पायरीही चढेना. दाराच्या कडीला एक बोट लावायचं, बस्स. थेरपिस्टने आधी खेळात ओसीडीचं चित्र काढून घेतलं, नाव ठेवलं ‘किटकिट्या’. मग एक दिवस ‘आज किटकिट्याचं ऐकणार नाही’ म्हणत तिने बोट लावलं आणि हात न धुता वही उघडली. रात्री ती ‘आई, हात स्वच्छ आहेत ना?’ विचारत राहायची, मी ‘हो गं’ म्हणत राहायचे. ते हळूहळू बंद करायला आम्हाला शिकवलं. घरात रडारड झाली, पण निभावलं. ह्या चिंध्या का?

शंकेखोर: मुळीच नाही. तो खेळ तिला कडीपर्यंत घेऊन गेला. माझा राग आहे तो महिनोन्‌महिने नुसती चित्रंच काढून घेणाऱ्यांवर. कडीला हात लावला की दहा दीर्घ श्वास घ्या, असं शिकवतात; मग ते श्वास मोजणं हाच नवा विधी होतो!

शाळासमुपदेशक: पण गोळीला चिंध्यांत ढकलू नका. तीव्र ओसीडीत मूल अंथरुणातून उठत नाही, त्याला पायऱ्या कुठल्या दाखवणार? मात्र गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला आत्महत्येचे विचार येत नाहीत ना, यावर नजर हवी. पालकांनी पहिल्याच भेटीत विचारावं: प्रत्यक्ष ईआरपी कधी सुरू करणार, आणि घरी आम्ही काय करायचं?

शंकेखोर: दुसऱ्या प्रश्नाला ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तर थेरपिस्ट बदला.