बहुतेक वेळ डांबरीवरच चालणाऱ्या एसयूव्हीला ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीचे, म्हणजेच एटी) टायर घ्यावेत का? आणि घेतले तर कुठले?

मुरूमवाट

मंडळी, सल्ला हवाय. गाडी फोर व्हील ड्राइव्ह एसयूव्ही आहे, कंपनीचे हायवे टायर संपत आलेत, खाच ३ मिमीच्या आसपास उरलीये त्यामुळे बदलायचे तर आहेतच. साइज २६५/६५ आर१७, ११२टी. वापर म्हणाल तर जवळजवळ सगळा डांबरीवर, रोजचं ऑफिस आणि सुट्टीत लांबचा हायवे, गाडीत पाच माणसं आणि मागे सामान. पण अधूनमधून शेतावर जाणं असतं, तिथला शेवटचा तुकडा मुरूम-खडीचा आहे आणि पाऊस झाला की त्यातला एक चढ चिखलाचा होतो, आत्ताच्या टायरवर तिथे चाकं जागच्या जागी फिरतात.

मित्र म्हणतात एकदाच काय ते दणकट एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड वजनासाठी बांधलेले) ऑल-टेरेन टाक, टायरवाला म्हणतोय एक साइज वर जा, २६५/७० बसतील, गाडीही उठून दिसेल. मला काळजी आहे ती ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकची. आई-वडील आणि पोरं मागे बसलेली असतात, त्या शेतातल्या एका चढासाठी बाकीच्या सगळ्या प्रवासात ब्रेक कमी लागणार असेल तर मला ते नकोय. अनुभवी लोकांनी सांगा.

हवा_तपासा

तुमची काळजी बरोबर जागी आहे, त्यामुळे आधी एकच विचारतो, तो चढ नेमका कसा आहे? काळ्या चिकट मातीचा खोल चिखल, की खाली कडक मुरूम आणि वर पातळ राड?

कारण यावर सगळं ठरतं. चिकट मातीत ऑल-टेरेनच्या खाचा पहिल्या काही फेऱ्यांतच भरतात आणि एकदा भरल्या की तो टायर गोटा टायरसारखाच फिरतो. तिथे मोठ्या खाचांचा मड टायर लागतो, जो फिरता फिरता माती फेकून देतो, आणि तोच मड टायर ओल्या डांबरीवर सगळ्यात वाईट. ऑल-टेरेनचा खरा फायदा सुटी खडी, मुरूम, ओलं गवत, दगडगोटे आणि बोटभर चिखल, एवढ्यात. बरेच लोक चिखल डोक्यात ठेवून एटी घेतात आणि मग अडकल्यावर टायरला शिव्या देतात.

मुरूमवाट

खाली मुरूमच आहे, पक्का. वर दोन बोटं राड होते पावसात, तेवढीच. खोल चिखल नाही.

हवा_तपासा

मग एटीने फरक पडेल, ब्लॉकच्या (नक्षीतल्या रबराच्या ठोकळ्यांच्या) कडा राड कापून खालच्या मुरमाला धरतात. शिवाय त्या तुकड्यावर चढायच्या आधी हवा थोडी कमी करून बघा, ३३-३४ पीएसआय असेल तर २५ वगैरे, गाडीत लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा फोर व्हील गिअर) असेल तर तो लावा, आणि एका लयीत चढवा, मध्ये अॅक्सिलरेटर दाबू-सोडू नका. हे आत्ताच्या टायरवरही करून बघण्यासारखं आहे, नवे घ्यायच्या आधीच. फक्त डांबरीवर यायच्या आत हवा परत भरायची, त्यासाठी छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा, कमी हवेवर हायवेला वेगात गेलं की साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) तापते आणि टायर फुटू शकतो.

साइडवॉल_बघा

मी एटीच्या बाजूने बोलणार. खडीवर हायवे टायरचं खरं दुखणं पकड नसून कट आहे. टोकदार दगड साइडवॉलमध्ये घुसला की ते पंक्चर काढता येत नाही, टायर सरळ फेकावा लागतो, आणि हे नेमकं मोबाइलला रेंज नाही अशा जागी होतं. चांगल्या एटीची नक्षी खांद्यावरून खाली साइडवॉलपर्यंत उतरलेली असते, तिथे रबर जाड असतं, आणि रबराचं मिश्रणही तुकडे उडू नयेत असं केलेलं असतं. खाचही खोल, हायवे टायर नवा असताना ८ मिमीच्या आसपास, एटी १० ते १२. माझ्या मते रस्ता जिथे संपतो तिथे नियमित जाणाऱ्याने एटीच घ्यावेत, आणि घेताय तर एलटीच घ्या, अर्धवट काम कशाला.

चौथा_गिअर

साइडवॉलबद्दल पटलं, पण एलटीबद्दल अजिबात नाही, आणि इथे जरा सविस्तर लिहितो कारण यातच लोकांचं नुकसान होतं.

तुमच्या टायरवर ११२टी लिहिलंय. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, टी म्हणजे १९० चा वेग. याच साइजचा एलटी साधारण १२०/११७एस असा येतो, १२० म्हणजे १४०० किलो, एस म्हणजे १८०. कागदावर एलटी भारी दिसतो. पण ते १४०० किलो पूर्ण हवेवर, लोड रेंज ई (टायरच्या मजबुतीचा वर्ग) असेल तर ८० पीएसआयवर. तुमच्या दरवाजावरच्या स्टिकरची ३३-३४ हवा त्यात भरली तर तो एलटी तुमच्या साध्या टायरपेक्षा कमी वजन पेलतो. पाच माणसं, सामान, उन्हाळ्यातला हायवे आणि कमी हवेतला एलटी, हे मला भीतीदायक वाटतं. मग बरोबर वजनासाठी हवा बरीच वाढवावी लागते, किती ते कंपनीच्या लोड-प्रेशर टेबलात बघायचं, अंदाजाने नाही. आणि हवा वाढवली की खड्ड्यात गाडी दणादण आपटते, मागच्या सीटवरचे आई-वडील पहिल्याच दिवशी सांगतील. त्यात एलटी प्रत्येकी काही किलो जड, ते वजन फिरणारं आणि स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे पिकअप, ब्रेक आणि डिझेल तिन्हीवर परिणाम.

एलटी कुणासाठी? मागे कायम वजन, ट्रेलर ओढणं, किंवा दिवसचे दिवस टोकदार दगडांवर. तुमचं तसं काही नाही. तुमच्या साइजमध्ये साध्या बांधणीचे एटी मिळतात, ११२ किंवा त्याहून जास्त लोड आणि टी किंवा त्याच्या वरचा वेग असलेले, ते बघा.

आता ब्रेक. ओल्या डांबरीवर एटी हायवे टायरपेक्षा मागे पडण्याची कारणं सरळ आहेत. खाचा रुंद म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी, ब्लॉक उंच आणि सुटे त्यामुळे ब्रेक मारला की ते वाकतात, आणि मिश्रण कट सोसणारं म्हणून बऱ्याचदा कडक. पण सगळे एटी सारखे नाहीत हो. दुकानात तीन गोष्टी स्वतः वाकून बघा.

पहिली, मधल्या पट्ट्यातले ब्लॉक एकमेकांशी जोडलेले आहेत का. जितके जोडलेले तितका रस्त्यावर शहाणा. दुसरी, प्रत्येक ब्लॉकवरच्या बारीक चिरा किती खोल आहेत. काही टायरमध्ये त्या अर्ध्यावरच संपतात, म्हणजे टायर अर्धा झिजला की चिरा गायब आणि ओल्यातली पकडही गायब, नवीन असताना हे कळत नाही. तिसरी, युरोपचं लेबल असेल तर ओल्या पकडीचं अक्षर, ए ते ई. इथे एक पाचर आहे, साइडवॉलवर पीओआर लिहिलं असेल तर तो व्यावसायिक ऑफरोड वर्गातला, त्याला हे लेबल लागूच नाही, त्यामुळे लेबल नाही म्हणजे टायर चांगला असा अर्थ काढू नका. तुमच्या वापराला पीओआर टाळा, स्पष्ट सांगतो.

आणि विकणारा साइडवॉलवरचं एम प्लस एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) दाखवून हा सगळ्या ऋतूंचा म्हणाला तर लक्षात ठेवा, ते अक्षर नक्षीच्या रचनेवरून कंपनी स्वतःच टाकते. तीन शिखरं आणि बर्फाचा स्फटिक हे चिन्ह वेगळं, ते दाबलेल्या बर्फावर पकड मोजल्यावरच मिळतं. बर्फाळ भागात जात असाल तर ते बघा, नाहीतर त्यावरून ओल्या डांबरीचं काही कळत नाही.

मुरूमवाट

बापरे, एलटीचं हे हवेचं गणित कुणीच सांगितलं नव्हतं, मित्र तर ३२ वर चालवतोय त्याचे, त्याला आजच फोन करतो. २६५/७० चं काय पण? टायरवाला म्हणतो काही फरक पडत नाही.

पाचवं_चाक

पडतो. मोजू या. २६५ मिमी रुंदीचे ६५ टक्के म्हणजे १७२ मिमी साइडवॉल, दोन्हीकडची धरून ३४४, अधिक १७ इंचाचा रिम ४३२, एकूण ७७६ मिमी. ७० वाल्याचा असाच हिशोब केला की ८०३. म्हणजे व्यास जवळजवळ साडेतीन टक्के वाढला. स्पीडोमीटर आत्ता जेवढं दाखवतो त्याच काट्यावर गाडी साडेतीन टक्के जास्त वेगात असेल, किलोमीटर कमी नोंदले जातील, गिअर तेवढे लांब होतील म्हणजे चढावर इंजिन आळसावल्यासारखं वाटेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं चाक मडफ्लॅपला घासतंय का तेही बघावं लागेल, खासकरून गाडी भरलेली असताना. बदल्यात मिळतं काय, तर व्यासातल्या वाढीच्या अर्धी उंची, १३ मिमी. त्या चढाला १३ मिमीने काही होणार नाही. शिवाय इन्शुरन्स आणि वाहन तपासणीचे नियम जागोजागी वेगळे, साइज किंवा स्पीड रेटिंग बदलायच्या आधी तुमच्याकडे काय चालतं ते विचारून घ्या.

अजून एक, स्टेपनी विसरू नका. चारच एटी घेतले आणि स्टेपनी जुनी झिजलेली हायवे राहिली तर पंक्चर झाल्यावर एका चाकाचा व्यास वेगळा होतो. फुलटाइम फोर व्हील ड्राइव्ह किंवा ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर हा फरक डिफरन्शियलला आणि क्लचला सतत सोसावा लागतो, पार्टटाइमवाल्यांनी तशा स्थितीत फोर हाय (चारही चाकांना ताकद देणारा नेहमीच्या वेगाचा गिअर) टाकून डांबरीवर जाऊ नये. पाच घ्या आणि पाचही रोटेशनमध्ये (ठराविक अंतराने जागा अदलाबदल करत) फिरवा. आणि दोन एटी दोन हायवे असली जोडी तर नकोच, पुढच्या-मागच्या पकडीत फरक पडला की ओल्या वळणावर गाडी कशी वागेल याचा भरवसा नाही.

साइडवॉल_बघा

एलटीचं मी मागे घेत नाही, माझ्याकडे मागे कायम अवजारं असतात म्हणून मला तेच जमतात. पण यांच्या वापराला साधी बांधणी चालेल हे मान्य. फक्त हायवे टायरवर परत जाऊ नका एवढंच म्हणणं आहे, खडीवर एक साइडवॉल गेली की सगळा हिशोब फिस्कटतो.

लांबपल्ला

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण तुमचा लांबचा प्रवास आहे. नवे एटी घेतल्यावर पहिले काही हजार किलोमीटर तुम्हाला वाटेल, अरे काहीच आवाज नाही, लोक उगाच घाबरवतात. खरा आवाज नंतर सुरू होतो. सुटे ब्लॉक एका कडेला जास्त आणि दुसऱ्या कडेला कमी झिजतात, हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागतं, आणि मग ७०-८० च्या वेगात घूं घूं सुरू होतं. बरेच जण ते बेअरिंग समजून बेअरिंग बदलून येतात. ही झीज एकदा बसली की पूर्ण जात नाही, त्यामुळे ८ ते १० हजार किलोमीटरला रोटेशन करायचंच, टाळाटाळ नको, आणि अलाइनमेंट टायर बसवतानाच करून घ्या. ज्यांनी हे पाळलंय त्यांचे एटी शेवटपर्यंत शांत चालतात, मी दोन्ही प्रकारच्या गाड्यांत भरपूर बसलोय.

मायलेज थोडं पडेल, ते धरूनच चला.

मॉडेलचं विचाराल तर योकोहामा जिओलँडर ए/टी, ब्रिजस्टोन ड्यूलर ए/टी, कॉन्टिनेन्टल क्रॉसकॉन्टॅक्ट एटीआर असल्या रस्त्याकडे झुकणाऱ्या जातीपासून सुरुवात करा. बीएफगुडरिच केओ२ सारखा टायर दगडधोंड्यांत फार पुढे आहे, नाव त्याचं उगाच नाही झालेलं, पण तो बनलाय ज्या कामासाठी ते काम तुमच्याकडे क्वचितच आहे. आणि एकाच मॉडेलच्या साध्या आणि एलटी दोन्ही आवृत्त्या असतात, बिल करताना नुसतं नाव नका सांगू, पूर्ण आकडा सांगा. साइजच्या आधी एलटी लिहिलेलं असेल किंवा शेवटी १२०/११७ असे दोन लोड आकडे असतील तर तो एलटी.

मुरूमवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय ते असं, साइज कंपनीचीच, साधी बांधणी, मध्ये जोडलेले ब्लॉक आणि खोल चिरा, पाच टायर. दोन मॉडेल बाजूला काढलीत, प्रत्यक्ष हात लावून बघणार. आणि या रविवारी शेतावर जाताना आत्ताच्याच टायरची हवा २५ वर आणून तो चढ करून बघतो, त्यावर चढली गाडी तर सगळ्यात रस्त्याळू एटी घेईन.

एक शेवटचं, साध्या बांधणीचा एटी असेल तर हवा स्टिकरवरचीच ना? आणि नवीन टायर पहिल्यापासून हायवेला नेले तर चालतात का?

चौथा_गिअर

साइज तीच आणि बांधणी साधी असेल तर हो, स्टिकरवरचीच, सकाळी टायर थंड असताना मोजलेली. गाडी भरून लांब जाताना स्टिकरवर पूर्ण लोडचा वेगळा आकडा असेल तर तो वापरा, तो बहुतेक जण बघतच नाहीत. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, ती भरायची नसते.

नव्या टायरवर साच्यातून काढतानाचा गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पकड कमी असते. पहिले २००-३०० किलोमीटर जरा सबुरीने, खासकरून पाऊस असेल तर, समोरच्या गाडीपासून अंतर वाढवा. नट पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने तपासून घ्या. आणि बसवायच्या आधी साइडवॉलवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २२२५ म्हणजे २०२५ चा बावीसावा आठवडा. पाचही टायरचे वाचा, बऱ्याचदा चार ताजे आणि पाचवा जुना देतात.

मुरूमवाट

पाचव्याचं लक्षात ठेवतो. चढाचं काय झालं ते रविवारी इथेच लिहितो.