इंडी साय-फाय आणि फँटसी कादंबऱ्या शोधायच्या कशा? आणि लेखकानेच कॉपी पाठवली असेल तर रिव्ह्यू लिहायचा कसा?

चांदणवाट

मंडळी, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गेले काही महिने मी इंग्रजीतल्या इंडी, म्हणजे लेखकाने स्वतःच प्रकाशित केलेल्या साय-फाय आणि फँटसी कादंबऱ्या वाचतोय. त्यातल्या काही इतक्या भन्नाट निघाल्या की काय सांगू, कुठलाही प्रकाशक "हे खपणार नाही" म्हणून परत पाठवेल अशी कल्पना घेऊन लेखक बिनधास्त शेवटच्या पानापर्यंत गेलेला असतो. पण अशी एक हाताला लागेपर्यंत कितीतरी अर्ध्यात सोडावी लागतात. अमेझॉनवर शोधलं की एकसारखी कव्हरं आणि सगळ्यांना साडेचार स्टार, त्यातनं निवडायचं कसं?

दुसरं म्हणजे, वाचलेल्या पुस्तकांवर मी थोडंफार लिहितो, ते वाचून एका लेखकाने पुढच्या कादंबरीची एआरसी पाठवली, म्हणजे प्रकाशनाआधीची कॉपी. कल्पना सुरेख आहे, जग नीट उभं केलंय, पण मधली शे-दीडशे पानं नुसता प्रवास चालू आहे आणि घडत काहीच नाही. लेखक एकटा माणूस, कव्हर आणि संपादनाचा सगळा खर्च त्याच्या खिशातून. तीन स्टार द्यायला जीव होत नाही आणि चार दिले तर वाचणाऱ्यांना फसवल्यासारखं होईल. तुम्ही काय करता अशा वेळी?

निळा धूमकेतू

स्टार बघणं पहिलं बंद करा. नव्या इंडी पुस्तकाला सुरुवातीचे रिव्ह्यू बहुतेक एआरसी टीमकडून येतात, म्हणजे त्या लेखकाचे आधीपासूनचे वाचक, त्यांना ते आवडणारच, त्यात लबाडी काही नाही पण तुम्हाला त्याचा उपयोगही नाही.

माझ्या मते सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे स्पर्धा. फँटसीसाठी एसपीएफबीओ, म्हणजे सेल्फ-पब्लिश्ड फँटसी ब्लॉग-ऑफ. मार्क लॉरेन्स हा स्वतः नावाजलेला फँटसी लेखक, त्याने २०१५ मध्ये सुरू केली. पद्धत साधी आहे, ३०० पुस्तकं १० ब्लॉग-टीममध्ये वाटायची, प्रत्येकीला ३०, त्यातनं प्रत्येकीने एकच पुढे पाठवायचं, मग ते १० फायनलिस्ट सगळ्या टीम वाचतात आणि दहापैकी मार्क देतात. रोख बक्षीस वगैरे काही नाही, सगळं पुस्तकांच्या प्रेमापोटी चाललंय आणि म्हणूनच मला ती स्पर्धा इतकी जवळची वाटते.

पण नुसता विजेता बघून थांबू नका. खरा खजिना पहिल्या फेरीत आहे, कारण बऱ्याच टीम बाद केलेल्या पुस्तकांवरही लिहितात, कुठे सोडलं, का सोडलं, काय आवडलं. दुसऱ्याने ज्या कारणासाठी पुस्तक सोडलं तेच तुम्हाला हवं असू शकतं. जोसाया बॅनक्रॉफ्टचं 'सेनलिन असेंड्स' फायनलपर्यंत पोचलंच नव्हतं, लॉरेन्सने स्वतः वाचून सगळीकडे त्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि पुढे ऑर्बिट या मोठ्या प्रकाशकाने ते छापलं. म्हणजे एवढे सगळे मन लावून वाचत असतानाही असं पुस्तक निसटतं. त्यामुळे बाद याद्या चाळाच.

साय-फायसाठी तशीच एसपीएसएफसी, म्हणजे सेल्फ-पब्लिश्ड सायन्स फिक्शन कॉम्पिटिशन, २०२१ मध्ये सुरू झाली. त्यात पुढाकार लेखक ह्यू हाउवीचा, ज्याचं 'वूल' २०११ मध्ये त्याने स्वतःच किंडलवर टाकलेल्या एका छोट्या कथेपासून सुरू झालं होतं.

पानोपानी

धूमकेतूंना +१, बाद यादीचा मुद्दा तर अगदी पटला.

मी भर घालते ती सॅम्पल वाचण्याबद्दल. सगळे पहिलं पान वाचून ठरवतात, पण पहिलं प्रकरण लेखकाने वीस वेळा घासूनपुसून घेतलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. मी सॅम्पलचा शेवट आधी वाचते. तिथे दोन पात्रं बोलत असतील तर कोण बोलतंय हे नाव न बघता कळतं का, आणि जगाची माहिती प्रसंगातून येतेय की एक पात्र दुसऱ्याला दोघांनाही माहीत असलेला इतिहास सांगत बसलंय, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. स्पेलिंगच्या चुका मी चालवून घेते, पण एकाच प्रसंगात कुणाच्या डोळ्यांनी बघतोय ते सारखं बदलत असेल तर पुस्तक ठेवते, कारण ती अडचण पुढेही जात नाही.

किंडल अनलिमिटेडचं, म्हणजे अमेझॉनच्या वर्गणी भरून ई-बुकं वाचायच्या योजनेचं गणितही लक्षात ठेवा. तिथे २०१५ पासून लेखकाला किती पानं वाचली गेली त्यावर पैसे मिळतात. त्यामुळे लांबलचक मालिका, प्रत्येक भागाचा शेवट अधांतरी, हे प्रमाण तिथे जास्त दिसतं. शिवाय त्यात पुस्तक ठेवायचं तर ई-बुक ९० दिवस दुसरीकडे कुठेच विकता येत नाही, म्हणून बरेच लेखक, विशेषतः एकाच भागात संपणारी आणि जरा वेगळ्या वळणाची कादंबरी लिहिणारे, तिकडे जातच नाहीत. ते कोबोवर, स्मॅशवर्ड्सवर किंवा स्वतःच्या साइटवर सापडतात. फक्त अमेझॉनवर शोधत असाल तर हे सगळे तुमच्या नजरेआडच राहणार.

आणि एक, ज्याची आवड तुम्हाला पक्की माहीत आहे असा एक रिव्ह्यूवर धरून ठेवा. आवड जुळलीच पाहिजे असं नाही. मी एकाला फॉलो करते, त्याला संथ पुस्तकं सहन होत नाहीत, तो "काही घडतच नाही" म्हणाला की मी लगेच सॅम्पल उतरवते.

लांबपल्ला

वेब-सीरियल, म्हणजे ऑनलाइन एकेक प्रकरण करत येणाऱ्या कादंबऱ्या, विसरू नका. रॉयल रोड या साइटवर प्रकरणं फुकट वाचता येतात, लोक तिथल्या तिथे प्रतिक्रिया देतात. मॅट डिनिमनचं 'डंजन क्रॉलर कार्ल' तिथूनच वर आलं, २०२० मध्ये त्याने स्वतः पुस्तक काढलं आणि २०२४ मध्ये मोठ्या प्रकाशकाकडून हार्डकव्हर. कच्चं लिखाण भरपूर आहे, पण कल्पना पानोपानी सापडतात.

रिव्ह्यूबद्दल म्हणाल तर, एकट्या माणसाने कष्टाने काढलेल्या पुस्तकाला तीन स्टार देऊ नयेत. लेखकाला खाजगीत मेल करा, जाहीर काही लिहू नका. दहा-बारा रिव्ह्यू असलेल्या पुस्तकाचं एका तीन-स्टारने रेटिंग घसरतं आणि त्याचं नुकसान होतं.

अर्धविराम

लांबपल्ला, तुमची कळकळ समजते पण मला हे अजिबात पटत नाही. सगळ्यांनीच असं केलं तर उरतात फक्त चार आणि पाच, आणि मग वरचा प्रश्न तयार होतो, सगळं साडेचार. त्यात खरंच पाच स्टारचं पुस्तक लिहिणाऱ्या इंडी लेखकावरच अन्याय होतो, कारण तो त्या गर्दीत उठून दिसायचा कसा?

चांदणवाट, आधी हे बघा की तीनचा अर्थ गुडरीड्स या वाचकांच्या साइटवर आणि अमेझॉनवर सारखा नाही. गुडरीड्सवर तीनचा अर्थ "आवडलं" असा आणि दोनचा "ठीक". अमेझॉनवर मात्र तीन स्टारचा रिव्ह्यू टीकेच्या बाजूला पडतो. त्यामुळे मी गुडरीड्सवर तीन आणि अमेझॉनवर चार, असं देते कधीकधी आणि मजकूर तोच ठेवते, त्यात मला काही गैर वाटत नाही कारण शब्द खरे आहेत. प्रत फुकट मिळाली हे पहिल्याच ओळीत सांगायचं. फुकट कॉपी देणं अमेझॉनला चालतं, चांगलंच लिहा अशी अट घालणं चालत नाही, तेव्हा तुमच्यावर बंधन काहीच नाही.

आता लिहायचं कसं. "मधला भाग कंटाळवाणा" हा निकाल झाला, तो वाचून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा, "दुसऱ्या भागात कथानक जवळपास थांबतं आणि आपण पात्रांबरोबर ते जग फिरतो, मला तिथे वेग हवा होता, पण जगरचनेत रमणाऱ्यांना हाच भाग सगळ्यात आवडेल." यात तुमचं मत आलं, पुस्तकात काय आहे ते आलं, आणि ज्याला तसंच पुस्तक हवंय तो ते विकत घेईल. टीका असलेल्या रिव्ह्यूमुळे मी स्वतः कितीतरी पुस्तकं घेतली आहेत.

तपशिलातल्या चुका मात्र रिव्ह्यूत नकोत. एआरसीवर शेवटचा हात फिरायचा असतो, त्यामुळे टायपो, पात्राच्या डोळ्यांचा रंग बदलला वगैरे लेखकाला मेलने कळवा, प्रकाशनाआधी दुरुस्त होतील आणि तो मनापासून आभार मानेल. मधला भाग छाटा असं मात्र आता सांगू नका, ती वेळ बीटा वाचनाची, म्हणजे कच्चा मसुदा वाचून मत देण्याची होती. आणि टीका असलेला रिव्ह्यू सोशल मीडियावर टाकताना लेखकाला टॅग करायचं नाही, तो वाचकांसाठी लिहिलाय.

लांबपल्ला

अर्धविराम, गुडरीड्स-अमेझॉनचा फरक बरोबर आहे तुमचा. तरी एकदोन स्टारच्या बाबतीत मी माझ्या मतावर ठाम आहे, पहिलंच पुस्तक असेल तर मी गप्प बसतो.

चांदणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. गुडरीड्सवर तीन देतोय, प्रवासाच्या भागाबद्दल अर्धविराम यांनी सांगितलं तसं लिहिणार, आणि त्या जगातल्या नदीकाठच्या शहराबद्दल एक अख्खा परिच्छेद, कारण तसं शहर मी आजवर कुठल्याच फँटसीत वाचलेलं नाही. टायपोंची यादी आज रात्री लेखकाला पाठवतो.

एसपीएसएफसीच्या जुन्या याद्या उघडून बसलोय. परग्रहावरच्या जिवांशी पहिली भेट या विषयावरचं, एकाच भागात संपणारं आणि लढाया कमी असलेलं काही त्यात कुणी वाचलं असेल तर नाव द्या, बाद झालेलं असलं तरी चालेल.