प्रत्येक वेळी पाजल्यावर 20 मिनिटं पंप? कुणाच्या सांगण्यावरून?

राजारामपुरी_माहेर
कालपासून कोल्हापुरातल्या बाळंतिणींमध्ये एक पोस्ट फिरतेय: ‘पहिल्या दिवसापासून दर वेळी पाजून झालं की 20 मिनिटं पंपानं दूध काढा, फ्रीझर भरून ठेवा.’ वाचून राहवलं नाही. दूध मागणीवर तयार होतं. बाळानं ओढलं त्यावर पंपानं आणखी ओढलं, की शरीर जुळ्यांचा हिशेब धरतं. मग छाती दगडासारखी दाटते, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग ताठरल्यानं बाळाला धरता येत नाही आणि धरलंच तर जोराच्या धारेनं ठसका लागतो. पुढं गाठी, ताप. त्यावर उपाय म्हणून पुन्हा पंप, म्हणजे आगीत तेल. अशा वेळी दोन-तीन मिनिटं हातानं पिळून काळा भाग मऊ करा, बाळाला पाजा, नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. चोळू नका.

आणि बाटलीतली रेघ बघून ‘दूध कमी’ म्हणू नका. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहा वेळा तरी शू आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत, एवढं बघा.

शिरोली_पहिली_पाळी
ताई, हे घरी असणारीला ठीक. शिरोली एमआयडीसीत जाणारीनं काय करायचं? येणं-जाणं धरून दहा तास, म्हणजे बाळाला साधारण 300 मिली लागणार. कामावर दर तीन तासांनी पंप केलाच पाहिजे, नाहीतर आठवड्यात दूध कमी होतं. कायद्यात मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या आहेत, पण सुपरवायझरकडं मागून बघा! बसायला जागा म्हणून बाथरूम दाखवतात.

आणि पंप करूनही दूध येत नसेल तर आधी पंपाचा स्तनावर बसणारा कप तपासा. सोबत बहुतेकदा 24 मिमीचा येतो. स्तनाग्राचा व्यास मोजा, कप त्याहून फार तर तीन मिमी मोठा हवा. काळा भाग नळीत ओढला जात असेल तर कप मोठा आहे. व्हॉल्व्हची चोच सैल पडली तरी ओढ मरते, ती बदला.

रंकाळा_वेस
पंपाचं सोडा, काढलेल्या दुधाचं घरात काय होतं ते बघा. म्हशीच्या दुधाची सवय, म्हणून सासूबाई पातेल्यात ओतून उकळतात! त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यंच जातात. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, बस्स.

मंगळवार_पेठ
सरसकट असं नाही. काहींचं दूध साठवल्यावर साबणासारखा वास मारतं. ते नासलेलं नसतं, लायपेजमुळं, म्हणजे दुधातल्याच चरबी फोडणाऱ्या द्रव्यामुळं होतं. बाळ तोंड फिरवत असेल तर काढल्याबरोबर कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार करावं लागतं.

रंकाळा_वेस
लगेच, ते पण उकळी न आणता! घरात हे कोण पाळतं? तुमचं वाचून उद्या सगळ्या उकळत बसतील. बाहेर चार तास टिकतं हेही 25 अंशांपर्यंतच. कोल्हापूरचा मे 35 च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारू नका. बर्फाच्या पिशव्या घातलेला डबाच हवा. फ्रीजमध्ये चार दिवस, तेही आत मागं, दारात नाही.

मंगळवार_पेठ
बरं, वास येत नसेल तर तापवू नये, एवढं मान्य. पण ज्या बाया चांगलं दूध मोरीत ओततात त्यांना लायपेज सांगितलंच पाहिजे.

राजारामपुरी_माहेर
शिरोलीच्या ताई, कामावरच्या पंपाला माझा विरोध नाहीच. पोस्टमध्ये ‘कामावर जाणाऱ्यांनी’ असतं तर मी लिहिलंच नसतं. रुजू व्हायच्या तीन आठवडे आधी सकाळी पाजल्यावर तासाभरानं एकदाच काढा. पहिल्या दिवसापुरतं साठलं की झालं, पुढं आजचं उद्याला. घरी असाल तेव्हा आणि रात्री अंगावरच पाजा.

शिरोली_पहिली_पाळी
एकदा पुरेल, हे पटतंय. पण बाळ काचेच्या पेटीत असेल तर? तिथं पहिल्या दिवसापासूनच काढावं लागतं.

राजारामपुरी_माहेर
हो, तिथं दिवस-रात्र मिळून आठ वेळा. पण सुरुवात हातानंच करा. चिकाचं दूध चमचाभर येतं, पंपात ते कपाला आणि व्हॉल्व्हलाच चिकटून राहतं. सरळ चमच्यात पिळा.