ट्रॉनहाइमच्या जुन्या इतिहासाबद्दल मदत हवी आहे

मंडळी, जूनमध्ये नॉर्वेला जातोय, त्यात ट्रॉनहाइम मुद्दाम घेतलंय. व्हायकिंग राजा ओलाफ ट्रिग्वासननं ९९७ मध्ये वसवलेलं हे शहर. पुढे १०३० मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडलेला राजा ओलाफ दुसरा हा संत ठरला, त्याच्या समाधीला यात्रेकरूंची रीघ लागली आणि तिथेच निडारोस कॅथेड्रल उभं राहिलं. १५३७ च्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनं ते वैभव ओसरलं. इथवर ठीक.

घोडं अडलंय १६८१ च्या आगीपाशी. त्यानंतर सिसिन्यों या लष्करी अधिकाऱ्यानं रुंद, सरळ रस्ते आखले. मग मध्ययुगीन गल्लीबोळ आज कुठे दिसतात का? तिथे राहिलेल्यांनी कृपया सांगावं. आर्चबिशपच्या वाड्यातल्या संग्रहालयाला किती वेळ ठेवावा? वाचायला एखादं सोपं इंग्रजी पुस्तकही सुचवा, जाडजूड प्रबंध नको!